तिसऱ्या रांगेतून वन्स मोअर

माझं इंग्रजी मला एका नटीनं शिकवलं. मी जन्माला यायच्या आधीच ती बाई या जगातून गेली होती, त्यामुळे आभार मानायची सोय राहिली नाही.

लग्न होऊन अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. नवरा सकाळी डबा घेऊन ऑफिसला जायचा आणि मी एका बेडरूमच्या अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायचे. सांगलीला इंजिनिअर झालेली मी, दुपारी भांडी घासायचे, ओटा पुसायचे, पुसलेला ओटा परत पुसायचे आणि मग टीव्ही लावायचे. एका चॅनेलवर दिवसभर जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे लागायचे. तिथे ती भेटली.

उंच, शेलाटी, सोनेरी केसांची. म्हणजे सोनेरी असणार, पडद्यावर ते पांढरेच दिसायचे. अंगात पायघोळ सॅटिनचा गाऊन, आणि त्या गाऊनसकट बाई कारंज्यात पडायची, कोंबड्यांच्या ट्रकवर चढायची, ऐन लग्नातून मागच्या दारानं पसार व्हायची. इतकं सगळं करून वर एक भुवई उचलून समोरच्यालाच विचारायची, तुम्ही ओले कसे झालात? सिनेमे सगळे एका साच्यातले. एक श्रीमंत, आगाऊ मुलगी, एक स्वतःला शहाणा समजणारा पुरुष, आणि पहिल्या भेटीपासून दोघांची जुंपलेली. भांडता भांडता प्रेम, प्रेम करता करता परत भांडण. इकडे या प्रकाराला स्क्रूबॉल कॉमेडी म्हणतात. आपल्याकडच्या फार्सचीच ही बहीण, पण फार्समध्ये दारं जास्त आणि इथे बोलणं जास्त.

आणि बोलणं तरी कसं, लाह्या फुटाव्यात तसं. सुरुवातीला मला एक अक्षर कळायचं नाही. मग मी तिच्या मागून म्हणायला लागले. कणीक मळताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कमरेवर हात ठेवून मी त्या रिकाम्या घराला झापायचे. याचा परिणाम असा झाला, की पुढे नोकरी लागल्यावर पहिल्याच मीटिंगनंतर माझ्या मॅनेजरनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, हे इंग्रजी कुठे शिकलीस, माझी आजी असं बोलायची. मी म्हटलं, चांगल्या घरची दिसते तुझी आजी.

अर्थात वेग माझा मूळचाच. तो आईकडून आला. माझी आई म्हणजे सांगलीतल्या आमच्या गल्लीतली सगळ्यात धारदार जीभ. शाळेत मराठी शिकवायची. भाजीवाला, दूधवाला, शाळेचे हेडमास्तर, कोणाची म्हणून गय नाही. आणि कौतुक? कौतुक तिच्या तोंडून बाहेर पडायची जागा एकच, नाट्यगृह. संगीत नाटक लागलं की आई तिसऱ्या रांगेत. पुढच्या दोन रांगांत पाहुणे बसतात, त्यांना नाटकातलं कळत नाही, असं तिचं मत. पद खरोखर रंगलं तर तिसऱ्या रांगेतून तिचा खणखणीत आवाज यायचा: "वन्स मोअर."

ही रीत आता सांगावी लागते. शब्द इंग्रजी असले तरी प्रकार पक्का आपला. प्रेक्षकांतून वन्स मोअर आला की मग राजा लढाईवर निघालेला असो नाहीतर नायिका शेवटचे श्वास मोजत असो, नाटक तिथल्या तिथे थांबणार आणि ते पद पुन्हा होणार. आईचे याबद्दल कडक नियम होते. वन्स मोअर ठरवून द्यायचा नसतो, तो तोंडातून निघतो. आणि ज्याला मिळाला त्यानं दुसऱ्यांदा म्हणताना काहीतरी नवं घालायचं. पहिल्यासारखंच म्हटलं तर वन्स मोअर फुकट घालवला.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी एकदा एकपात्री केलं होतं. टाळ्या खूप पडल्या. बाई रडल्या. घरी येताना आई म्हणाली, "पाठांतर चांगलं होतं." बस. माझी पन्नाशी उलटली, अजून ते वाक्य आठवलं की मला राग येतो.

बाबा गेल्यावर आई कायमची आमच्याकडे आली. इथेही तिनं आपला कारभार सुरू केला. ग्रोसरीच्या दुकानातली कोथिंबीर, आमच्या मंडळाच्या नाटकातले उच्चार, माझी आमटी, सगळ्यावर शेरा. मी चिडायचे, ती चिडायची, आणि नवरा मधल्यामध्ये दोघींना चहा करून द्यायचा. आमचं बरं चाललं होतं.

मग एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला. पॅरालिसिसचा झटका. हॉस्पिटलनं त्यांचं काम चोख केलं. हात वळायला लागला, ती चालायला लागली, जिना चढायला लागली. वाचा मात्र आली नाही. समजत सगळं होतं. आपण काय बोललो ते तिला कळायचं, तिला काय बोलायचंय तेही तिला ठाऊक असायचं, पण बोलायला गेली की एकच शब्द बाहेर पडायचा. "तेच." चहा हवा असला तरी तेच, खिडकी लावायची असली तरी तेच, नातेवाइकांचा फोन आला तरी तेच. आणि आपण चुकीचा शब्द बोललो हेही तिला त्याच क्षणी कळायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द दुरुस्त केलेली बाई. तिचा तेव्हाचा चेहरा मला बघवायचा नाही.

मला आईचं बोलणं परत हवं होतं. बाकी काही नको होतं. तिनं कौतुक करावं असं तर मी कधीच सोडून दिलं होतं. मला तिचे टोमणे हवे होते. आमटीत मीठ कमी आहे, हे तिनं सगळ्यांदेखत सांगायला हवं होतं.

स्पीच थेरपिस्ट तरुण होती आणि फार गोड होती. ती आईला चित्रांची कार्डं दाखवायची. सँडविच. बेसबॉलची बॅट. चिमणी असलेलं घर. आई कार्ड बघायची, मग माझ्याकडे बघायची, आणि हिला पगार कोण देतं असा प्रश्न तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायचा. थेरपिस्टनं मला एक युक्ती शिकवली. घरी वाक्य अर्धं म्हणायचं आणि शेवटचा शब्द आईवर सोडायचा. मी लगेच कामाला लागले. "आई, आज चहात घातलंय..." ती म्हणायची, "तेच." "आई, बाहेर पडतोय..." "तेच." दिवसभर अशी अर्धी वाक्यं घरात पडलेली असायची. नवरासुद्धा नकळत ती पूर्ण करायला लागला, आणि मी त्याच्यावर ओरडायचे.

बुधवारी मी घरून काम करते. आमच्या लायब्ररीत बुधवारी दुपारी जुने सिनेमे दाखवतात. एकदा पाटीवर माझ्या नटीचा फोटो दिसला आणि माझ्या मनात आलं, आईला नेऊ या. औषध म्हणून नाही. त्या रिकाम्या घरात मला जिनं सोबत केली, ती आईला दाखवावीशी वाटली.

हॉल छोटासा. कॉफी, बिस्किटं, वॉकर घेऊन आलेली म्हातारी मंडळी. सिनेमा लावणारे आजोबा स्वेटर घातलेले, हातात रिमोट घेऊन सिनेमाआधी लांबलचक भाषण करणारे. आईनं हॉलवर नजर फिरवली आणि माझा हात सोडून सरळ तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

सिनेमा होता नेहमीसारखाच. नवऱ्या मुलाची मोटार तळ्यात गेलेली, तळ्यात हंस, हंसांचा मालक कोर्टात. नटी जज्जसमोर उभी राहून हे सगळं कसं घडलं ते सांगते. एका दमात. मोटार, हंस, नवरदेवाची आई, टोपी, पाऊस, सगळं तिच्या बोलण्यात गुंततं आणि सुटतं, वकील मधे तोंड उघडायला जातो आणि मिटतो. खालची इंग्रजी अक्षरंसुद्धा तिला गाठू शकत नव्हती. शेवटी ती जज्जच्याच समोरचा पाण्याचा ग्लास उचलून घटाघटा पिते आणि खाली बसते. हॉलमध्ये हशा पिकला. तो विरतोय न विरतोय तोच माझ्या शेजारून आवाज आला.

"वन्स मोअर."

स्वच्छ. खणखणीत. सांगलीच्या नाट्यगृहातला.

आधी मला लाज वाटली, हे खरं आहे. सगळी डोकी आमच्याकडे वळली होती. मग कळलं की आई बोलली. आजोबांनी सिनेमा थांबवला आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी तिचे शब्द होते तसे ऐकले. पुन्हा बघायचंय, ठीक आहे, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी रिमोट दाबला आणि तो प्रसंग मागे घेतला. हंस, मोटार, टोपी, पाऊस, ग्लास. दुसऱ्यांदा लोक आधीपेक्षा मोठ्यानं हसले. आई मात्र टक लावून बघत होती, आणि शेवटी तिनं ओठ मुडपले. मला कारण लगेच समजलं. नटीनं दुसऱ्यांदा काहीच नवं घातलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी सीटबेल्टसुद्धा न लावता तिच्याकडे वळले. "आई, परत म्हण ना. वन्स मोअर. म्हण."

"तेच," आई म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

थेरपिस्टकडे मी अक्षरशः धावत गेले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शांतपणेच समजावलं. शिवी, प्रार्थना, गाण्याची ओळ, लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, असं कधी कधी आपसूक बाहेर येतं. त्यावरून बोलणं परत येतंय असं धरून चालू नका. मी म्हटलं, पण आवाज कसा आला, उच्चार कसा आला? ती म्हणाली, हो, ते चांगलंच आहे. मला तिच्या त्या चांगलंच आहेचा असा संताप आला की घरी येऊन मी तासभर कोणाशी बोलले नाही. माझ्यासाठी हा विक्रमच.

लायब्ररीत मात्र गंमत झाली. पुढच्या बुधवारी दुसऱ्याच कोणीतरी आजींनी हात वर करून वन्स मोअर म्हटलं, आजोबांनी सिनेमा मागे घेतला, आणि ती त्या हॉलची पद्धतच होऊन बसली. लोक उठसूट वन्स मोअर म्हणायला लागले. साधा दरवाजा आपटला तरी वन्स मोअर. दीड तासाचा सिनेमा संपता संपेना. आई तिसऱ्या रांगेत ताठ बसून त्यांच्याकडे अशा नजरेनं बघायची, की तिला बोलता येत असतं तर हॉल रिकामा झाला असता. तिच्या तोंडून तो शब्द पुन्हा निघाला नाही. मी दर बुधवारी तिच्या ओठांकडे बघायचे, सिनेमाकडे नाही.

उन्हाळा संपता संपता थेरपिस्टनं मला बाहेर बोलावून सांगितलं की आईची प्रगती थांबली आहे, तेव्हा आपणही थांबू या. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे मला तिच्याशी नीट भांडताही आलं नाही. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडले. चांगलं हुंदके देऊन रडले. आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "तेच." मी मान हलवली. त्या दिवशी तिचं तेच मला बरोबर कळलं होतं.

त्यानंतर मी अर्धी वाक्यं टाकायचं बंद केलं. घर शांत झालं. नवरा म्हणाला, आता आईंना थोडं आरामात राहू दे. मलाही ते पटलं, म्हणजे पटवून घेतलं.

मग एका रविवारी सकाळी मी धिरडी करायला घेतली. पीठ कालवलं, कांदा चिरला, आणि तवा काही सापडेना. आमच्याकडे एक बिडाचा तवा आहे. आईच्या लग्नातला, वर्षानुवर्षं तेल पिऊन आरशासारखा काळा झालेला. आई इकडे आली तेव्हा तो हँडबॅगेतून घेऊन आली होती. ओट्यावर नाही, कपाटात नाही. शेवटी डिशवॉशर उघडला. काचेच्या ग्लासांच्या शेजारी, खालच्या कप्प्यात, तो उभा होता. गाजरासारखा लाल.

नवरा चहाचा कप हातात घेऊन तिथेच उभा होता. "भांडी मी लावली रात्री," तो म्हणाला. आई टेबलाशी बसली होती.

मी सुरू झाले.

"इंजिनिअर ना रे तू? लोखंडाला पाणी लागलं की काय होतं, हे कॉलेजात शिकवलं नाही तुला, का त्या दिवशी तू कॅन्टीनमध्ये होतास? हा तवा आईच्या लग्नातला. याच्यावर जेवढी धिरडी झाली तेवढे केस तुझ्या डोक्यावर कधी नव्हते. तिच्या मांडीवर बसून हा समुद्र ओलांडून आला. सिक्युरिटीवाल्यानं उलटासुलटा करून बघितला, कुत्र्यानं हुंगला, कस्टमवाल्यानं विचारलं हे शस्त्र आहे का, या सगळ्यांच्या तावडीतून तो जिवंत सुटला आणि आपल्याच घरात तुझ्या हातून गेला. साबण लावलास तू त्याला. साबण. आईनं याला कधी साबणाचं तोंड दाखवलं नाही, मिठानं पुसायची, तेलाचं बोट फिरवायची, माझ्या केसांना कधी इतक्या मायेनं तेल लावलं नाही तिनं. आणि तू त्याला ग्लासांच्या रांगेत उभा करून हेवी सायकलवर रात्रभर आंघोळ घातलीस, आणि वर सकाळी माझ्याकडून भांडी लावल्याबद्दल थँक यू घेतलंस. ते थँक यू परत दे. आत्ता दे."

दम लागला होता. मी त्याच्याच हातातला कप ओढून घेतला, सगळा चहा पिऊन टाकला आणि खुर्चीवर बसले.

"सॉरी यार," नवरा म्हणाला. "थँक यू परत."

"वन्स मोअर."

आम्ही दोघंही वळलो. आई ताठ बसली होती, हात टेबलावर, नजर माझ्यावर. डोळ्यांत जराही थट्टा नव्हती. नाट्यगृहात ती जशी बसायची तशी बसली होती.

मला काय मिळालं ते मला ठाऊक होतं. ज्याची वाट बघायचंसुद्धा मी सोडून दिलं होतं, ते मला एका गंजलेल्या तव्यावर मिळालं होतं. नवऱ्यानं रिकामा कप माझ्या हातातून हळूच काढून घेतला, परत आपल्या हातात धरला आणि होता तिथे जाऊन उभा राहिला. त्या क्षणी मी त्याला सगळं माफ केलं, तवा सोडून.

मी उठले आणि पुन्हा सुरू केलं. इंजिनिअर ना रे तू. कॉलेज, कॅन्टीन. धिरडी, केस. नियम मला माहीत होता, नवं घालायला हवं होतं. "डिशवॉशर विकणारा म्हणाला यात काहीही घाला, म्हणून तू हा घातलास, उद्या मला घालशील, परवा आईला," असं म्हटल्यावर आईचे खांदे हलले. ती हसत होती. ते बघितलं आणि माझा आवाज फाटला. तरी मी रेटलं. सिक्युरिटी, कुत्रा, कस्टम. "या सगळ्यांच्या तावडीतून जो सुटला, आईनं ज्याला आयुष्यभर जपलं, तो तवा तुझ्या हातात आला आणि एका रात्रीत..."

पुढे मला जमेना. मी मुद्दाम थांबले नव्हते.

"गंजला," आई म्हणाली.

नवरा कप धरून तसाच उभा राहिला. मी पदर नसलेल्या टीशर्टाच्या बाहीला डोळे पुसले आणि पुढचं म्हणायला लागले, कारण आई वाट बघत होती.